तीन पायांची खुर्ची आणि इतर एकसष्ट वस्तू

माझ्या सासूबाई, कमलाबाई, फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी मेलबर्नला आल्या आणि अकरा महिने राहिल्या. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मेमधलं परतीचं तिकीट रद्द झालं, मग जूनमधलं झालं, आणि नंतर आम्ही तिकीट काढायचंच सोडून दिलं. वेरिबीतल्या आमच्या घरात मी, माझा नवरा सुयश, नऊ वर्षांची मयूरा आणि आई असे चौघं जण होतो. बाहेर जायला कुठे नव्हतंच. मी तेवढी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला जायचे, आणि घरी आले की आधी बाथरूममध्ये.

आई नागपूरच्या इन्कम टॅक्स ऑफिसात एकतीस वर्षं होत्या. क्लार्क म्हणून लागल्या आणि ऑफिस सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झाल्या. घरात त्या कामाबद्दल क्वचितच बोलायच्या. इथे त्यांनी आपला दिवस लावून घेतला होता. सकाळी बुद्धवंदना, मग फोनवर नागपूरच्या बातम्या, दुपारी मयूराला मराठी शिकवणं. मयूरा "आजी, धिस लेटर इज सो रँडम" म्हणायची आणि आई तिच्याकडून ते रँडम अक्षर दहा वेळा गिरवून घ्यायच्या. उरलेल्या वेळात त्या सुयशचं बोलणं ऐकायच्या. ऐकणं भागच होतं. सुयश एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्सच्या कामाला आहे, आणि मार्चपासून ते काम आमच्या डायनिंग टेबलावर आलं होतं. कोणाच्या घरात चोरी झाली, पाणी शिरलं, की लोक फोन करायचे आणि हा त्यांना विचारायचा, काय काय गेलं, कधी घेतलं होतं, पावती आहे का. दिवसातून चाळीस वेळा पावती आहे का.

त्याला स्टडी नव्हती, कारण स्टडीत आई होत्या. म्हणून जूनमध्ये, पहिला लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर, त्याने ठरवलं की गराज रिकामं करून तिथे ऑफिस करायचं.

गराजमध्ये आमची ऑस्ट्रेलियातली बारा वर्षं पडून होती. स्टुडंट असतानाची भांडी, कोणाकोणाच्या जुन्या गाद्या, सुयशचा लग्नातला सूट, मयूराचे तान्हेपणापासूनचे कपडे. सगळ्यात नवा होता तो ज्यूसर. मार्चमध्ये लोक सुपरमार्केटात टॉयलेट पेपरसाठी रांगा लावत होते, तेव्हा सुयशने इम्युनिटीसाठी ज्यूसर मागवला होता. एकोणपन्नास डॉलर, सेलमध्ये मिळाला, असं त्याने मला सांगितलं. त्याचे अकरा सुटे भाग होते. गाजराचा कपभर रस काढायला पाच मिनिटं आणि भाग धुवायला अर्धा तास लागायचा. आवाज तर असा, की फोनवरच्या एका बाईंनी त्याला विचारलं, तुमच्याकडे भिंत पाडताहेत का. दोनदा वापरून ज्यूसर गराजमध्ये गेला.

वीस जूनच्या शनिवारी सुयशने गाडीच्या तीन फेऱ्या करून हे सगळं ऑप शॉपमध्ये नेऊन दिलं. आमच्यापासून चार किलोमीटरवर एका चर्चच्या मागे ते दुकान आहे. लोक जुन्या वस्तू देतात, म्हाताऱ्या बायका त्या लावून ठेवतात, आणि विक्रीचे पैसे गरजूंच्या मदतीला जातात. मागच्या दाराशी ठेवा, व्हायरसमुळे पिशव्यांना तीन दिवस हात लावत नाही, असं त्यांनी सांगितलं. पावतीचं त्यांनी विचारलं नाही आणि यानेही मागितली नाही. घरी येऊन तो रिकाम्या गराजमध्ये उभा राहिला आणि खूप हलकं वाटतंय म्हणाला.

हे हलकं वाटणं ऑगस्टपर्यंत टिकलं. तोपर्यंत दुसरा लॉकडाऊन लागला होता, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नव्हतं आणि ऑप शॉपही बंद होतं. एका रविवारी अर्जुनचा व्हिडिओ कॉल आला. अर्जुन हा सुयशचा कॉलेजातला मित्र, आता न्यू जर्सीला असतो. बोलता बोलता त्याने सांगितलं की तो दर वर्षी जुने कपडे आणि सामान दान करतो आणि टॅक्समध्ये त्याची वजावट घेतो. शर्टाचे इतके, पँटचे इतके, सोफ्याचे इतके. कॉल संपल्यावर सुयश गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं मला चांगलं माहीत आहे. त्यानंतर सहसा एखादं पार्सल येतं.

या वेळी पार्सल आलं नाही, यादी आली. रोज काम संपल्यावर तो आठवून आठवून लिहायचा. दोन आठवड्यांत बासष्ट वस्तू झाल्या आणि प्रत्येकीपुढे किंमत. बेरीज पाच हजार वीस डॉलर आली. पाच हजारांच्या वरच्या वस्तूंचं मूल्य टॅक्स ऑफिस स्वतः ठरवतं, असं त्याने कुठेतरी अर्धवट वाचलं होतं, म्हणून त्याने यादीतल्या दोन उशा आणि एक लॅम्प स्वस्त केले आणि बेरीज चार हजार आठशे सत्तरवर आणली.

आईंनी त्याला विचारलं, "काय लिहून राहिला रे इतका?"

त्याने मोठ्या उत्साहाने सगळं समजावलं. आईंनी ऐकून घेतलं, यादीची प्रिंट मागितली आणि स्टडीत गेल्या. पुढचे तीन दिवस त्या मयूराच्या टॅबवर इथल्या टॅक्स ऑफिसची वेबसाइट वाचत होत्या आणि वहीत टिपणं काढत होत्या. जेवायला बोलावलं तर पाच मिनिटांनी येते म्हणायच्या. इतक्या खुशीत मी त्यांना मेनंतर पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी झूमवरची वंदना आटोपल्यावर त्या डायनिंग टेबलापाशी आल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या खालची खुर्ची त्यांनी घेतली. चष्मा, वही, यादी, लाल पेन. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होते. त्यांनी सुयशला समोरची खुर्ची दाखवली.

"बसा," त्या म्हणाल्या.

सुयश हसला. त्या हसल्या नाहीत. "हे विवरण तुम्हीच तयार केलं का?"

सुयशने माझ्याकडे पाहिलं. मी मटारांकडे पाहिलं. आई ऑफिसात लोकांना तुम्ही म्हणायच्या, आणि त्यांच्या दृष्टीने हे ऑफिस होतं. त्यांची नागपुरी बोलीही कुठे गेली होती कोण जाणे.

"वस्तू क्रमांक चार. लाकडी खुर्ची, अँटिक, एकशे ऐंशी डॉलर. कधी घेतली?"

"दोन हजार नऊ."

"केवढ्याला?"

सुयश आठवायला लागला. मला राहवलं नाही. ती खुर्ची आम्ही फुटस्क्रेच्या रस्त्यावरून उचलली होती, कोणीतरी कचऱ्यात काढली होती, पंधरा मिनिटं दोघांनी डोक्यावर धरून घरी आणली, हे मी सांगितलं.

"संपादनाची किंमत शून्य," असं म्हणत आईंनी लिहून घेतलं. "पाय किती?"

"चार."

"देताना?"

"तीन," सुयश म्हणाला. "चौथा पिशवीत होता."

अशा एकेक वस्तू निघत गेल्या. सूटचे चारशे लावले होते, त्याच्या पँटला इस्त्रीचा डाग होता. डिनर सेट चोवीस नगांचा लिहिला होता, तो सतरा नगांचा निघाला. क्रमांक एकतीसला आई थांबल्या आणि त्यांनी सावकाश वाचलं, "सिल्कची साडी, एक, अडीचशे."

माझे हात थांबले. कोणती साडी, असं मी विचारलं. मोरपंखी, तो म्हणाला, तू नेसत नव्हतीस ना. ती माझ्या बहिणीने, मेधाने, मयूराच्या वेळी दिली होती. मी नेसत नव्हते, कारण ती नेसण्यासारखं इथे काही घडत नव्हतं. मी मटारांचं भांडं उचलून त्याच्यापुढे ठेवलं आणि तो मुकाट्याने सोलायला लागला.

मग आईंनी वही उघडली. ऑस्ट्रेलियात घरातल्या जुन्या कपड्यांची आणि सामानाची वजावट मिळत नाही. वस्तू देण्याआधीच्या बारा महिन्यांत विकत घेतलेली असेल तर मिळते, तीही संस्था मान्यताप्राप्त असेल तर, आणि खरेदीची किंमत व बाजारभाव यांतली जी कमी असेल तेवढीच. त्यांनी वेबसाइटवरचं ते वाक्य इंग्रजीतून दोनदा वाचून दाखवलं आणि पट्टी लावून एकसष्ट वस्तूंवर लाल रेघा मारल्या. पट्टी मयूराची होती, तिच्यावर युनिकॉर्न होते.

"राहिली वस्तू क्रमांक अठ्ठेचाळीस. ज्यूसर. मार्चमध्ये घेतला, जूनमध्ये दिला. वजावटीस पात्र," आई म्हणाल्या. "चाळीस डॉलर लिहिले आहेत. बिल सादर करा."

सुयश म्हणाला, बिल सापडत नाही, जाऊ दे, चाळीस डॉलरचं काय एवढं.

"तुम्ही दिवसभर फोनवर लोकांना काय विचारता?"

मग त्याने लॅपटॉप ओढला, ईमेल शोधली आणि स्क्रीन आईंकडे वळवली. आईंनी चष्मा वर केला, खाली केला. "तीनशे एकोणनव्वद."

मी उठून त्यांच्या खुर्चीमागे गेले आणि स्वतः वाचलं. तीनशे एकोणनव्वद, शिवाय डिलिव्हरीचे साडेनऊ.

आई मात्र वेगळ्याच गोष्टीने चक्रावल्या होत्या. बासष्ट वस्तूंपैकी एकसष्टांची किंमत फुगवलेली आणि जिचा हक्क होता तिचीच कमी दाखवलेली. एकतीस वर्षांत त्यांना असा करदाता भेटला नव्हता. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि कारण विचारलं. सुयशने माझ्याकडे बघितलं. मग आईंनीही माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कारण कळलं. "हा मुद्दा या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी सुयशशी मोजकंच बोलले. त्याने मात्र दोन किलो मटार पूर्ण सोलले, न सांगता फ्रीजरमध्ये ठेवले आणि ओटाही पुसला. संध्याकाळी चहा घेताना तो आईंकडे कुरकुर करत होता. गाडी भरून तीन वेळा सामान दिलं, आणि हातात काय आलं, काही नाही.

"देल्लं कायले होतं?" आई म्हणाल्या. आता त्या परत घरच्या झाल्या होत्या. "जागा पाहिजे होती म्हणून. जागा भेटली ना तुले?"

पण ज्यूसरचा विषय त्यांच्या दृष्टीने अजून उघडा होता. संस्थेची पावती हवी होती आणि बाजारभाव ठरायचा होता. रिटर्न भरायची मुदत एकतीस ऑक्टोबर. दुकानं उघडली अठ्ठावीसला. त्या बुधवारी मला सुट्टी होती, सुयशने लंच ब्रेक लांबवला आणि आम्ही तिघं मास्क लावून ऑप शॉपमध्ये गेलो. आईंनी अंगात सुयशचं जुनं जाकीट घातलं होतं आणि हातात फाइल होती.

काउंटरवर जॉइस नावाच्या बाई होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस, ॲप्रनवर नावाची पट्टी. दुकान कित्येक महिन्यांनी उघडल्यामुळे त्या इतक्या आनंदात होत्या की आम्ही काही विकत घ्यायला आलो नाही हेही त्यांनी मनावर घेतलं नाही. आईंनी त्यांच्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत प्रकरण मांडलं. जॉइस म्हणाल्या, संस्था मान्यताप्राप्त आहे, पावतीही देऊ, पण जूनमधली वस्तू आठवणार कशी. मग त्यांनाच सुचलं. विजेवर चालणारी वस्तू इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय त्या विकायला ठेवत नाहीत, आणि तपासलेल्या वस्तूंची एक वही असते.

वही आली. आईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. बोट फिरवत त्या जूनच्या पानावर आल्या आणि थांबल्या. ज्यूसर, अकरा भाग, वीस जूनला आला, चालू स्थितीत, सत्तावीस जूनला विकला. बारा डॉलर.

सुयश म्हणाला, बारा कसे, अशा जुन्या ज्यूसरला ऑनलाइन दोनशे मिळतात.

"बाजारभाव म्हणजे बाजारात मिळाला तो," आई म्हणाल्या. "यांचा बाजार, यांचा भाव."

जॉइसना मराठी कळत नव्हतं, पण प्रसंग कळला असावा. "सॉरी, डार्ल," त्या सुयशला म्हणाल्या आणि बारा डॉलरची पावती फाडली. मग बोलता बोलता आणखीही निघालं. तीन पायांची खुर्ची त्यांना चांगली आठवत होती. अशा वस्तू त्यांना टाकून द्याव्या लागतात, आणि टाकायलाही पैसे पडतात. त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत, त्यामुळे सुयशचे कान जास्तच लाल झाले. मी साडीचं विचारलं. जॉइसनी लगेच फोन काढून फोटो दाखवला. सहा यार्डांचं इतकं सुंदर कापड त्यांनी स्वतःच पंधरा डॉलरना घेतलं होतं आणि लॉकडाऊनमध्ये शिवून स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदे केले होते. मोरपंखी पडदे, मधून ऊन येतंय, खाली ओट्यावर मांजर. मी खरं तेच सांगितलं, की फार छान दिसतात. मेधाला अजून सांगितलेलं नाही.

निघताना सुयशने मदतीच्या डब्यात वीस डॉलरची नोट टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. जॉइस म्हणाल्या, पैशाच्या देणगीची पावती देते, हिची वजावट मिळते. सुयशचा चेहरा एकदम उजळला.

"ही पुढच्या वर्षात," आई म्हणाल्या. "जूनमध्ये वर्ष संपलं."

आम्ही दाराशी पोचलो तरी आई वहीपाशीच होत्या. एका पानावर तारखा उलटसुलट झाल्या होत्या, त्या जॉइसना दाखवत होत्या. जॉइसनी सांगितलं, की दुकानातल्या बाकीच्या बायका पंचाहत्तर-ऐंशीच्या, अजून घराबाहेर पडायला घाबरतात, आणि मागच्या खोलीत पिशव्यांचा ढीग पडलाय. आई चौसष्टच्या, म्हणजे तिथे तरुण. पुढच्या बुधवारी मी येते, असं त्यांनी आम्हाला न विचारताच सांगून टाकलं होतं.

शनिवारी सुयशने रिटर्न भरला. बारा डॉलरच्या वजावटीने त्याचे चार डॉलर चौदा सेंट वाचले. रिफंड आला तो सगळा घरून काम केल्याच्या तासांचा. तो मिळाल्यावर त्याने अर्जुनला मेसेज केला, की आमच्याकडे नियम वेगळे आहेत. अर्जुनने अंगठा पाठवला.

आई नोव्हेंबरपासून जानेवारीत विमान मिळेपर्यंत दर बुधवारी आणि शुक्रवारी ऑप शॉपमध्ये जात होत्या. मी किंवा सुयश सोडायचो, जॉइस घरी आणून सोडायच्या. पहिल्याच आठवड्यात आईंनी वस्तूंचं वेगळं पावतीपुस्तक सुरू केलं, आणि महिन्याभरात किंमत लावायचं काम त्यांच्याकडे आलं. कपबशा, पुस्तकं, कोट, सगळं त्या उलटंपालटं करून बघायच्या आणि एक आकडा सांगायच्या, आणि जॉइस तो चिकटवायच्या. जेवताना आम्हाला दिवसभराचा वृत्तान्त मिळायचा. लॉकडाऊनमध्ये घेतलेली पाव बनवायची यंत्रं किती आली, कोणी बुटांची जोडी म्हणून दोन डावे बूट दिले, कोणाच्या कोटाच्या खिशात कवळी निघाली.

डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाचं सांगितलं. त्याची बायको लॉकडाऊनमध्ये गेली होती, करोनाने नव्हे, आधीच्याच दुखण्याने. तिचे कपडे त्याने आणले होते, आठ पिशव्या, सगळे धुतलेले आणि इस्त्री केलेले. आईंनी त्याला पावतीचं विचारलं, तर नको म्हणाला. सगळं ठेवून झाल्यावरही तो जाईना. शेवटच्या पिशवीत वरच एक लाल कोट होता. तो काढून त्याने आईंपुढे धरला आणि विचारलं, याची तुम्ही किती किंमत लावाल.

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"म्या म्हटलं, आज व्हॅल्युएशन बंद आहे," आई म्हणाल्या. "तर तो म्हणे, मग कधी येऊ? म्या म्हटलं, काही घाई नाही. कोट घेऊन गेला बिचारा."

सुयश ताटाकडे बघत होता. मयूराने विचारलं, "कॅन आय हॅव द लास्ट पापड?" आणि आईंनी तो मोडून अर्धा तिला दिला, अर्धा सुयशच्या ताटात ठेवला.